संघात कोण, मॅटबाहेर कोण? कबड्डीतले दोन निर्णय आणि एक प्रश्न

एपिसोड ऐकायला वेळ नाही मिळाला म्हणणाऱ्यांसाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना माझं 'म्हणजे कसं आहे ना' फार होतं, ते कापलंय. दोन-तीन गोष्टी बोलण्याच्या घाईत अर्धवट राहिल्या होत्या, त्या इथं नीट मांडल्यात. बाकी तेच.

रग्बीच्या कार्डांवरचा एपिसोड टाकला, त्यानंतर आर्वीच्या एका पोट्ट्याची व्हॉइस नोट आली. कबड्डी खेळतो. म्हणाला, "भाऊ, रग्बीचा रेफरी सगळ्यांले ऐकू येईल असं कारण सांगते. आपल्या पंचाले विचारलं तर तो कार्ड दाखवते. अन् ट्रायलच्या यादीत नाव काऊन नाही आलं, हे तर कोणीच सांगत नाही. असं काऊन?"

वरवर पाहिलं तर हे दोन वेगळे प्रश्न. एक निवड समितीचा, एक पंचाचा. पण मी जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की दोन्हीकडे भांडण एकाच गोष्टीवरून होतं. निर्णय काय झाला यावरून कमी, आणि तो कुठल्या नियमानं झाला, ते आधी कोणी सांगितलं होतं का, यावरून जास्त.

यादी म्हणजे नुसता मान नाही

निवडीचा वाद निघाला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "खेळात राजकारण असतंच, सोड." सोडायला हरकत नव्हती, पण महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमधे खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तुम्ही कोणत्या पातळीवर खेळलात, तिथं काय मिळवलंत, यावर कुठल्या गटातल्या पदासाठी तुम्ही पात्र ठरता ते ठरतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. आता बारा जणांच्या यादीत तुम्ही तेरावे आहात असं समजा. प्रमाणपत्र नाही. फॉर्ममधला तो रकाना रिकामा. पुढच्या वर्षी परत ट्रायल, आणि तोवर वय एक वर्षानं वाढलेलं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे गणित माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आर्वीच्या खेळाडूच्या बाबतीत आणखी एक वळण आहे. राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राच्या संघाहून वेगळा उतरतो, रणजीत उतरतो तसाच. याचा फायदा असा की मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूरच्या पोरांशी जागेसाठी झगडावं लागत नाही. तोटा असा की त्यांच्याशी सारखं खेळायलाही मिळत नाही, आणि मोठ्या निवडकर्त्यांची नजर जिथं जास्त सामने होतात तिकडेच जास्त असते. मला विचाराल तर आपल्या भागात तोटा जास्त जाणवतो. (आणि हो, कबड्डी ही आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातून आलेली पाहुणी वगैरे नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवणारं पथक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं होतं. आर्वीपासून किती लांब आहे अमरावती? एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.)

वरचे बारा उचला, झालं की!

कोड लिहिणाऱ्या माणसाला मोह होतो: प्रत्येक खेळाडूचे गुण घ्या, उतरत्या क्रमानं लावा, वरचे बारा उचला. वाद संपला.

नाही संपत. मॅटवर सात जण असतात आणि साती जणांच्या जागा ठरलेल्या असतात. डावा कोपरा, उजवा कोपरा, त्यांच्या आतले कव्हर. चढाईपटूसुद्धा बचावाच्या वेळी साखळीत कुठंतरी उभा राहतोच. डाव्या बाजूनं आत शिरणारा चढाईपटू आणि उजव्या बाजूनं शिरणारा, हे दोन वेगळे प्राणी आहेत. समजा देशातले सगळ्यात जास्त गुण मिळवणारे तीन बचावपटू तिन्ही डावे कोपरे आहेत. तिघांनाही घेणार का? एक खेळेल, दोघं बाकावर बसतील, आणि उजव्या कोपऱ्यात मात्र खिंडार. म्हणजे गुणांच्या यादीत आठवा असलेला उजवा कोपरा संघात येणं आणि दुसरा असलेला डावा कोपरा बाहेर राहणं, हे पूर्ण प्रामाणिकपणे होऊ शकतं.

त्यात प्रो कबड्डीचे आकडे आले. तिथले गुण तुमच्या संघात दुसरा चढाईपटू कोण आहे, प्रशिक्षक तुम्हाला किती वेळा आत पाठवतो, दुखापतीत किती सामने गेले, यावर ठरतात. राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा वेगळं चित्र, कारण तिथं रेल्वे आणि सेनादलाचे स्वतंत्र संघ असतात आणि राज्यांचे कितीतरी चांगले खेळाडू नोकरीमुळे तिकडून खेळतात.

सांगायचं हे की दोन प्रामाणिक निवडकर्ते दोन वेगळ्या याद्या करू शकतात. म्हणूनच यादीसोबत कारण लागतं. कारण नसलं तर प्रामाणिक यादी आणि बनवाबनवीची यादी बाहेरून हुबेहूब सारखी दिसते. तेराव्या पोराला कळायचं कसं की आपण उजवा कोपरा नाही म्हणून राहिलो, की काकांची ओळख नाही म्हणून?

२०१८

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१८ सालचं.

मागची गोष्ट थोडक्यात. १९९० साली बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा एशियाडमधे पदकांसाठी खेळली गेली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातच्या सात सुवर्णपदकं भारतानं जिंकली. अशा खेळात देशाच्या संघात येणं म्हणजे गळ्यात पदक आलंच असं लोक धरून चालायचे. त्यामुळे खरी स्पर्धा एशियाडमधे नव्हतीच, ती संघनिवडीत होती.

२०१८ च्या जानेवारीत हैदराबादला राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्रानं अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असं हरवलं. ११ वर्षांनी जेतेपद. कर्णधार होता रिशांक देवाडिगा. त्यानंतर जकार्ता एशियाडसाठी बारा जणांचा संघ लागला, त्यात महाराष्ट्राचे दोघं: रिशांक आणि गिरीश इरनाक. देशाचा विजेता संघ, आणि बारात दोघं? आपल्याकडे हा प्रश्न विचारला जाणारच. पण वर सांगितलं तेच इथं लावून बघा. विजेता संघ एकत्र खेळून जिंकतो, त्यातला प्रत्येक जण आपापल्या जागेवर देशात पहिला असेलच असं नाही. दोन हा आकडा कमी वाटतो, पण नुसत्या आकड्यावरून अन्याय सिद्ध होत नाही. कारणं समोर असती तर बोलता आलं असतं.

ती समोर नव्हती, आणि वाद वेगळ्याच दारानं आत आला. माजी खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आरोप होता निवडीत गैरव्यवहार झाल्याचा. संघ जकार्ताला निघायच्या बेतात. न्यायालयानं जे सांगितलं तसं मी तरी भारतीय खेळात दुसरीकडे ऐकलेलं नाही: हा संघ जाऊ द्या, पण परत आल्यावर १५ सप्टेंबरला, गेलेला संघ विरुद्ध वगळलेले खेळाडू असा सामना घ्या. निवृत्त न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली, व्हिडिओ चित्रीकरणासह.

मधल्या काळात जकार्तात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. उपांत्य फेरीत इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. पहिल्यांदाच सुवर्ण गेलं. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना, तोही इराणनं २७-२४ असा जिंकला. आणि इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. भारताच्या संघाची जबाबदारी त्यांना मिळाली नव्हती, म्हणून त्या इराणला गेल्या होत्या. निवड फक्त खेळाडूंची होते असं नाही, हेही यात आलं.

मग १५ सप्टेंबर उजाडला. दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम. वगळलेले खेळाडू हजर. एशियाडला गेलेला संघ आलाच नाही.

या सामन्याबद्दल माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमधे भांडा. उपाय चुकीचा होता. एका सामन्याच्या चाळीस मिनिटांवरून अख्ख्या शिबिराचा निकाल लावता येत नाही. वगळलेले जिंकले असते तरी निवड भ्रष्ट होती हे सिद्ध झालं नसतं, आणि हरले असते तरी ती स्वच्छ होती हेही नाही. पण न्यायालयावर ही वेळ का आली ते बघा. निकष आणि प्रत्येक नावासमोरचा शेरा सगळ्यांना वाचता येईल असा पडलेला असता, तर वाद त्या कागदावर झाला असता. कागदावर वाद घालायची सोय नसली की मग तो मॅटवर घालावा लागतो.

त्याच ऑगस्टमधे न्यायालयानं महासंघावरच्या जुन्या नेमणुकाही रद्द केल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. हे प्रकरण इतकं लांबलं की २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, निवडून आलेल्या मंडळाकडे कारभार द्या, नाहीतर आपल्या मुलींचा संघ आशियाई स्पर्धेला जाऊ शकणार नाही. संघ गेला, तेहरानमधे इराणला इराणच्या घरात ३२-२५ असं हरवून जिंकून आला. सात वर्षं एका बाजूला हे कागदी युद्ध आणि दुसऱ्या बाजूला खेळाडू सराव करतायत.

कोर्ट काय बघतं, काय बघत नाही

इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की कोर्टात गेलं की न्यायाधीश सांगतील अमुक खेळाडू चांगला, त्याला घ्या. तसं होत नाही. याचं स्वच्छ उदाहरण कुस्तीतलं, आणि त्यातला एक पैलवान आपला, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी.

नरसिंग यादवनं २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक घेतलं आणि त्याबरोबर भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळाली. सुशील कुमार त्याच वजनात. दोन ऑलिंपिक पदकांचा मालक. तो म्हणाला, जागा देशाची आहे, माणसाची नाही, त्यामुळे आमच्या दोघांची चाचणी कुस्ती लावा. महासंघ म्हणाला, जागा ज्यानं आणली तो जाईल. जून २०१६ मधे दिल्ली उच्च न्यायालयानं सुशीलची मागणी फेटाळली. दोघांत श्रेष्ठ पैलवान कोण, या फंदात न्यायालय पडलं नाही. निवड हा त्या खेळातल्या जाणत्यांचा विषय. प्रक्रिया मनमानी किंवा अन्यायाची असेल तरच आम्ही हात घालू, हा त्यातला मुद्दा. (पुढे नरसिंग उत्तेजक चाचणीत सापडला, इथल्या यंत्रणेनं सोडलं, पण रिओत ऐन कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. त्यावर अख्खा एपिसोड होईल.)

मैदानावरच्या निर्णयाचंही असंच. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद एक तत्त्व पाळतो: पंचानं मैदानावर दिलेला निर्णय, तो चुकला असला तरी, आम्ही नंतर बदलणार नाही. लबाडी किंवा पक्षपात सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधे कोरियाचा जिम्नॅस्ट यांग ते-यंग याच्या एका कसरतीचे सुरुवातीचे गुण १० ऐवजी ९.९ धरले गेले. चूक झाली हे मान्य झालं. तरी लवादानं निकाल बदलला नाही, सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमकडेच राहिलं. का? कारण ती चूक दुरुस्त केली तर त्याच स्पर्धेत दुसऱ्यांबाबत झालेल्या चुकांचं काय? सामना संपायचाच नाही.

आता हे दोन्ही शेजारी ठेवा. निवड समितीनं कोणाला घेतलं, पंचानं काय दिलं, दोन्हीच्या गाभ्याला बाहेरचं कोणी हात लावत नाही. मग खेळाडूच्या हातात उरतं काय? दोन गोष्टी. नियम आधीपासून ठरलेला आणि माहीत असणं, आणि निर्णय देताना कारण ऐकू येणं. एवढंच.

हांगझोऊचा तो एक तास

७ ऑक्टोबर २०२३. एशियाडचा अंतिम सामना, पुन्हा भारत-इराण. आपल्या संघात नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. धावफलक २८-२८. शेवटचं मिनिट वगैरे उरलेलं. भारताची 'करो या मरो' चढाई, म्हणजे आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यामुळे तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. आत गेला कर्णधार पवन सेहरावत.

ज्यांना नियम माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅटच्या दोन्ही कडांना एक-एक मीटरची पट्टी असते, लॉबी. मराठीत राखीव क्षेत्र. कोणी कोणाला शिवलं, झटापट झाली, की ती पट्टी खेळात येते. तोवर तिथं पाय टाकणं म्हणजे मैदानाबाहेर जाणं.

पवन कोणालाही न शिवता लॉबीत गेला. इराणचे बचावपटू त्याला धरायला त्याच्यामागं लॉबीत गेले. आता गुण कोणाला?

जुन्या नियमानं: झटापट झालेली नाही, म्हणजे लॉबी बंद आहे. पवन बाहेर गेला, तो बाद. पण मागून आलेले बचावपटूही बाहेरच गेले ना, तेही बाद. इराणला एक, भारताला कितीतरी.

प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या नियमानं: चढाईपटू न शिवता लॉबीत गेला त्या क्षणी चढाई संपली. त्यानंतर कोण कुठं धावलं याला अर्थ नाही. इराणला एक, विषय बंद.

दोन्ही नियमांना आपापलं तर्कशास्त्र आहे. खरा प्रश्न होता, त्या दिवशी मॅटवर कोणता चालू होता. आणि इथं गंमत, म्हणजे गंमत कसली, लाज वाटावी अशी गोष्ट अशी की एशियाडच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटात, हे नक्की सांगता येणारं कोणी नव्हतं. पंचांनी एक निर्णय दिला, भारतानं हरकत घेतली. निर्णय फिरला, इराणनं हरकत घेतली. पुन्हा फिरला. खेळाडू मॅटवर बसले. टेबलाभोवती गर्दी. जवळजवळ तासभर सामना थांबलेला. शेवटी जुन्या नियमाच्या अंगानं निर्णय भारताकडे गेला आणि आपण ३३-२९ जिंकलो.

आमच्या कामात याला फार साधं नाव आहे. एकाच सर्व्हरवर दोन व्हर्जन चालू. कोणाचा फोन एकाशी बोलतोय, कोणाचा दुसऱ्याशी, आणि दोघंही म्हणतायत माझं बरोबर. खरंच दोघांचंही बरोबर असतं. चूक असते ती सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, 'आज हे व्हर्जन' असं एका ओळीत न सांगणाऱ्याची.

आपल्याला सुवर्ण मिळालं म्हणून आपण हे विसरलो. पण तोच तास उलटा संपला असता तर? इराणमधे आजही कोणीतरी हा प्रश्न विचारत असेल, आणि तो चुकीचा ठरणार नाही.

रग्बी हे कसं करते

आता व्हॉइस नोटमधल्या रग्बीकडे. कार्डं दोन्ही खेळांत आहेत. कबड्डीत हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. रग्बीत पिवळ्याला दहा मिनिटं, सेव्हन्समधे दोन.

फरक कार्डांत नाही. रग्बीच्या रेफरीच्या अंगावर माईक असतो आणि टीव्हीवर तो ऐकू येतो. व्हिडिओ बघणाऱ्या पंचाशी तो काय बोलतो, तेही ऐकू येतं. डोक्याला धक्का लागला असेल तर पायऱ्या ठरलेल्या आहेत: डोक्याला लागलं का, टॅकल करणाऱ्याची चूक आहे का, धोका किती मोठा, आणि चूक सौम्य करणारं काही होतं का, जसं की समोरचा अचानक खाली वाकला. रेफरी या पायऱ्या मोठ्यानं चढतो. तुम्हाला शेवटचा निर्णय पटला नाही तरी कुठल्या पायरीवर पटला नाही ते सांगता येतं.

२०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केनला पिवळं मिळालं. मैदानाबाहेर बसलेल्या पंचानं व्हिडिओ बघून ते लाल केलं. त्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसीला पिवळं मिळालं, तेही तपासलं गेलं आणि पिवळंच राहिलं. न्यूझीलंड १२-११ असं एका गुणानं हरलं. तिथं हा वाद अजून पेटतो. पण भांडण कशावरून? तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून. 'नियम कुठला होता' यावरून नाही.

रग्बी म्हणजे सगळं आलबेल असंही समजू नका. त्याच वर्षी ऑगस्टमधे इंग्लंडच्या ओवेन फॅरेलला वेल्सविरुद्ध पिवळ्याचं लाल झालं. सुनावणीत शिस्त समितीनं ते लाल रद्द केलं. जगभर आरडाओरडा. मग वर्ल्ड रग्बीनंच अपील केलं आणि त्याला चार सामन्यांची बंदी बसली, विश्वचषकातले पहिले दोन सामने गेले. दहा दिवसांत तीन उत्तरं. पण ती लेखी होती, आणि समिती कुठं चुकली हे अपिलाच्या निकालात लिहिलेलं होतं.

आपल्याकडे कारण ऐकू न आल्यावर काय होतं तेही बघितलंय आपण. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी राक्षेला चितपट दिलं. त्याचं म्हणणं, पाठ पूर्ण टेकली नव्हती, व्हिडिओ बघा. बघितला गेला नाही. त्यानं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर चिडून शेवटच्या काही सेकंदांत मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचाला लाथ मारणं याला माफी नाही, त्यात किंतु-परंतु नको. पण गावोगावी चर्चा कशाची झाली आठवा. लाथेची दोन दिवस झाली. पाठ टेकली होती का, याची महिनोन् महिने, कारण तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवून कोणी बोट ठेवून सांगितलंच नाही की हा बघा इथं टेकलाय. तीस सेकंदांचं काम होतं.

मग त्या पोरानं काय करायचं?

संसदेनं ऑगस्ट २०२५ मधे राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे, म्हणजे कबड्डीसारखं वर्षानुवर्षं उच्च न्यायालयात फिरावं लागू नये. चांगली गोष्ट आहे. पण आर्वीच्या पोराच्या जिल्हा ट्रायलपर्यंत ते पोचायला वेळ लागेल, आणि न्यायाधिकरणसुद्धा शेवटी प्रक्रियाच तपासणार.

त्याला मी उत्तरात जे पाठवलं ते इथं टाकतो. ट्रायलच्या दिवशी, यादी लागायच्या आधी, सरळ विचार: निवड कोण करणार, किती सामने बघणार, कुठल्या जागेसाठी किती जण घेणार. आवाज चढवून नाही, सर म्हणून विचार. शक्य असेल तर एकट्यानं न विचारता चार-पाच जणांनी मिळून विचारा, नाव एकट्याचं लक्षात राहत नाही. उत्तर मिळालं तर फोनमधे तारखेसह लिहून ठेव. आपल्या सामन्यांचे व्हिडिओ मित्राला काढायला लाव, मॅटच्या कडेनं, लॉबी दिसेल असे. सामना सुरू होण्याआधी कर्णधारानं पंचांना एकच विचारायचं: लॉबीचा नियम जुना की नवा? हांगझोऊनंतर हा प्रश्न कोणालाही आगाऊपणाचा वाटू नये. आणि निर्णय विरोधात गेला तर पंचाशी फक्त कर्णधार बोलेल, हे आपल्या संघात आधीच ठरवून टाका. मॅटवरच्या हुज्जतीत सहसा पहिलं कार्ड निघतं ते कर्णधार सोडून बाकीच्या सहांपैकी कोणासाठी तरी.

त्याचं उत्तर आलं. "भाऊ, बाकी सगळं करतो. पण सरांले विचारू कसं? ते म्हणतील, लई शहाणा झाला का बे."

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी जिल्हा पातळीवर निवड समितीत बसलेलं असेल, किंवा पंच म्हणून उभं राहिलेलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढचा भाग तुमच्या बाजूनं करू. येत्या एशियाडची यादी लागण्याआधी, नंतर नको.